खिळ्याच्या डावीकडे

औषधाच्या कारखान्यात तिला कोणी नावाने हाक मारत नसे. बाटल्या तपासायच्या खोलीत बावीस वर्षं बसून ती कामाच्या वेळात एकच शब्द बोलायची, "थांब," आणि तोही माणसाला नाही, पट्ट्याला. पट्टा तिच्या पायाखालच्या लोखंडी पट्टीने थांबायचा, शब्दाने नव्हे. पण पाय दाबताना तोंडातून शब्द यायचाच. म्हणून सगळे तिला थांबताई म्हणत. पगाराच्या यादीत तिचं काही वेगळं नाव असणार. ते त्या यादीला ठाऊक.

खोली लहान, पांढरी, दवाखान्यातल्यासारखी. समोर पांढरा रंग दिलेला लाकडी फळा, वरून दोन नळ्यांचा उजेड, आणि फळ्याच्या मधोमध एक गंजलेला खिळा. पूर्वी तिथे घड्याळ होतं. काम करणारी माणसं घड्याळाकडे बघतात हे वरच्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते काढलं. खिळा काढायचा राहिला, कारण हुकमात खिळ्याचा उल्लेख नव्हता.

पट्टे दोन. एकावरून औषध भरलेल्या, झाकण लावलेल्या, पण अजून उघड्या अंगाच्या बाटल्या येत. दुसऱ्यावरून लेबल चिकटवलेल्या, वर अंगठ्याएवढ्या आकड्यांत बॅच नंबर छापलेल्या. दोन्ही पट्टे फळ्यापाशी येऊन वळत आणि वळताना प्रत्येक बाटली क्षणभर थांबताईकडे तोंड करी. उघडी बाटली खिळ्याच्या चार बोटं डावीकडे, लेबलाची चार बोटं उजवीकडे. तेवढ्या वेळात डावीकडचा तडा, तिरपं झाकण, कमी भरलेलं औषध पकडायचं, आणि उजवीकडचा नंबर त्या दिवशीच्या नंबराशी जुळतो का ते पाहायचं.

नवीन माणूस बाटल्यांकडे बघतो. मान डावीकडे, मान उजवीकडे, परत डावीकडे. दुपारपर्यंत त्याला गरगरायला लागतं आणि संध्याकाळी तो दुसरं खातं मागतो. थांबताई बाटल्यांकडे कधीच बघत नसे. ती खिळ्याकडे बघायची. बाटल्या आपण होऊन दिसायच्या, जसं रस्त्याने चालताना न बघताही कोणीतरी आपल्याकडे बघतंय हे कळतं.

सुरुवातीला पट्टे उलटे होते. लेबलं डावीकडे, उघड्या बाटल्या उजवीकडे. पहिल्या दोन महिन्यांत तिच्या हातून इतक्या चुका झाल्या की ती घरी जाऊन रडायची. मग एके दिवशी तिने म्हाताऱ्या फिटरला विचारलं, "बाबा, हे पट्टे अदलाबदल करता येतील का?"

"का?"

"सांगता येत नाही."

फिटरला हे कारण पटलं. त्याने जेवणाच्या सुट्टीत दोन रूळ फिरवले आणि पट्टे बदलले. कागद नाही, सही नाही, अर्ज नाही. त्यानंतर बावीस वर्षं थांबताईच्या हातून गेलेल्या खराब बाटल्या दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता आल्या असत्या. फिटर मध्यंतरी वारला. पट्टे असे का आहेत हे माहीत असलेली माणसं दोनावरून एकावर आली, आणि त्या एकीला ते सांगता येत नव्हतं.

मग एका गिऱ्हाइकाला तिरप्या झाकणाची बाटली मिळाली. ती बाटली ज्या दिवशीची होती त्या दिवशी थांबताई रजेवर होती, तिच्या जागी एक मान हलवणारा मुलगा बसला होता. पण चौकशी माणसाची करायची नसते, जागेची करायची असते, आणि जागा थांबताईची होती. कंपनीने चौकशीला बाहेरून एक तज्ज्ञ आणला. लोकांनी दोन दिवसांत त्याचं नाव मोजणीसाहेब ठेवलं. तो सगळं मोजायचा. खात्यातून मुतारीपर्यंत किती पावलं, चहाचा कप किती वेळा तोंडाला लागतो, एक बाई दुसऱ्या बाईशी बोलते तेव्हा किती बाटल्या पुढे जातात. वाईट माणूस नव्हता. ज्याला आकडा नाही त्याच्यावर त्याचा विश्वास बसत नसे, इतकंच. दुपारी भूक लागली की तो आधी घड्याळ बघायचा.

थांबताईला त्याने एका अंधाऱ्या खोलीत नेलं. समोर पडदा, पडद्याच्या मध्यावर अधिकची खूण.

"बाई, या खुणेवरून नजर हलवायची नाही. जमेल?"

"बावीस वर्षं तेच करतेय."

मोजणीसाहेबाने हे लिहून घेतलं नाही. लिहायला जागा नव्हती. खुणेच्या डावीकडे किंवा उजवीकडे एखादा शब्द चमकून जायचा. कपाट. गवत. मडकं. तिने तो वाचून सांगायचा. प्रत्येक बाजूला वीस शब्द. उजवीकडचे एकोणीस बरोबर आले. डावीकडचे अकरा. बाकीच्या नऊ वेळा तिला काहीतरी दिसलं होतं, पण काय ते म्हणता आलं नव्हतं.

अहवाल आला: डावी बाजू कमजोर.

कंपनीच्या डॉक्टरने तिचे दोन्ही डोळे आळीपाळीने झाकून पाहिले. दोन्ही ठणठणीत. मग कमजोर आहे ते नेमकं काय, असं तिने विचारलं तेव्हा त्याने स्वतःचा चष्मा पुसायला घेतला आणि तो बराच वेळ पुसला.

मोजणीसाहेबाचा तर्क सरळ होता. तडा गेलेली बाटली जास्त धोक्याची, म्हणजे ती चांगल्या बाजूने तपासली पाहिजे. बाईंची चांगली बाजू उजवी. मग उघड्या बाटल्या उजवीकडे आणा, लेबलं डावीकडे न्या. हे बावीस वर्षं उलटं कोणी ठेवलं होतं?

"कागद नाही साहेब," मुकादम म्हणाला. मुकादमाचं नाव लोकांनी होसाहेब ठेवलं होतं.

"म्हणजे कोणी ठेवलंच नव्हतं."

"हो साहेब."

"एकवीस दिवस बघू. पाच चुका झाल्या तर बाईंना वरच्या मजल्यावर खोकी बांधायला पाठवा."

"हो साहेब."

खोकी बांधायचं काम उभ्याने. आठ तास. थांबताईच्या उजव्या गुडघ्यातलं वंगण केव्हाच संपलं होतं, जिना चढताना तो कुरकुरायचा आणि ते शेजारच्यालाही ऐकू यायचं. निवृत्तीला दोन वर्षं होती. वरच्या मजल्यावर दोन महिनेही निघाले नसते हे तिला माहीत होतं. होसाहेबालाही माहीत होतं. तो नंतर एकटाच येऊन म्हणाला, "ताई, पाच म्हणजे पुष्कळ झाल्या हो. तुमच्या कुठे होतात पाच."

"पट्टे बदलू नका म्हणावं."

"हो ताई," तो म्हणाला, आणि पट्टे बदलायला गेला.

घरी तिने ही गोष्ट जेवताना सांगितली. घरात तिघं. नवरा टपालखात्यातून निवृत्त झालेला, लेक एका चष्म्याच्या दुकानात कामाला.

"डावी बाजू कमजोर म्हणजे काय गं?" नवऱ्याने विचारलं.

"मला काय विचारता? अहवालात आहे."

"लग्नापासून मी डावीकडेच बसतोय."

"म्हणूनच कमजोर झाली असेल," लेक म्हणाली.

पण दुसऱ्या दिवसापासून घर आजारी माणसाचं घर झालं. रस्ता ओलांडताना लेक आईच्या डावीकडून चालायला लागली आणि तिचा दंड धरायला लागली. पाण्याचा तांब्या डावीकडून उजवीकडे आला. शेजारीण मुद्दाम वळसा घालून उजवीकडून बोलायला यायची आणि मोठ्याने बोलायची, जणू कमजोरी कानापर्यंत पोचली होती. नवऱ्याने आपली खुर्ची उचलली आणि तीस वर्षांत पहिल्यांदा बायकोच्या उजव्या हाताला बसला.

पहिल्या आठवड्यात कारखान्यात तीन चुका झाल्या. दोन तडे उजवीकडून तिच्या समोरून गेले. वरच्या मजल्यावर खोकं ओलं झालं तेव्हा कळलं. तिसरी चूक डावीकडची. नंबरात एक आकडा वेगळा होता. तिला काहीतरी दिसलं होतं, अंधाऱ्या खोलीतल्यासारखं, पण काय ते म्हणायच्या आत बाटली वळून गेली होती. ती खिळ्याकडे बघत राहिली. खिळा तोच, डोळे तेच, बाटल्या त्याच. फक्त तिला जे विचारलं जात होतं ते येऊन चुकीचं दार वाजवत होतं.

दुसऱ्या सोमवारी चौथी चूक झाली. आता एकच उरली. होसाहेबाला जिन्यापाशी उभं राहून वरच्या मजल्यावरच्या साहेबाशी बोलताना तिने पाहिलं. तो तिच्यासाठी एक स्टूल ठेवता येईल का असं विचारत होता. वरून "नाही" असं उत्तर आलं असावं, कारण तो "हो साहेब" म्हणून खाली आला.

त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर तिने नेहमीचा प्रश्न विचारला. "गोळी घेतलीत?"

नवऱ्याला रक्तदाबाची गोळी होती आणि गोळीने चक्कर येते अशी त्याची तक्रार होती. तो रोज म्हणायचा, घेतली. आणि ती ताटातून मान वर न करता दर चार-पाच दिवसांनी म्हणायची, "थांब. परत बोला." मग तो उठून गोळी घ्यायचा. हे कसं ओळखते हे त्याने कधी विचारलं नव्हतं. टपाल वाटलेल्या माणसाला माहीत असतं की काही घरांत दार वाजवायच्या आधीच कळतं.

"घेतली," तो उजवीकडून म्हणाला.

"बरं," ती म्हणाली आणि जेवत राहिली.

मग तिचा घास हातातच राहिला. नवऱ्याच्या ताटापलीकडे, तिच्या नजरेच्या उजव्या कडेला, गोळ्यांचं पाकीट पडलं होतं. तिने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं, तरी त्यावरचं गोळीचं नाव तिने वाचलं होतं. तारीखही वाचली होती. दहा गोळ्यांचं पाकीट अख्खं होतं. एकही घर फुटलं नव्हतं.

"कधी आणलं हे?"

"मागल्या आठवड्यात."

"आणि रोज घेतली म्हणताय."

नवरा खरोखर गोंधळला. "तू ओळखत नाहीयेस आजकाल," तो म्हणाला, आणि त्यात थोडी तक्रारही होती. "मला वाटलं, तू सोडून दिलंस."

"उठा. पलीकडे बसा."

"कुठे?"

"तुमच्या जागेवर. डावीकडे. आता म्हणा, घेतली."

"अगं, घेतली नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे."

"तरी म्हणा."

तो डावीकडे बसून म्हणाला, घेतली. ती ताटाकडे बघत होती. त्याच्या डोळ्याखालचं कातडं एका बाजूने जरा आत गेलं, जसं पाकीट दाबल्यावर जातं. तिला ते लख्ख दिसलं.

"आता उजवीकडे येऊन म्हणा."

"आई, बाबांची जेवायची वेळ आहे," लेक म्हणाली.

"म्हणू दे."

त्या दिवशी जेवण गार झालं. नवरा ताट घेऊन तीनदा इकडून तिकडे गेला. त्याने घेतलेल्या आणि न घेतलेल्या गोळ्यांबद्दल खरं आणि खोटं आलटून पालटून सांगितलं आणि शेवटी त्यालाच आपण काय घेतलंय ते आठवेना. लेक वहीत टाचण करत होती. चेहरा डावीकडून. अक्षर उजवीकडून.

"दुकानात येणारे डॉक्टर सांगतात," ती म्हणाली, "प्रत्येक डोळ्याला दोन्ही बाजू दिसतात. पण डावीकडचं सगळं डोक्याच्या उजव्या अर्ध्यात जातं आणि उजवीकडचं डाव्यात. आणि दोन्ही अर्धी एकच काम करत नाहीत. एकाला वाचायला आवडतं. दुसऱ्याला नुसतं बघायला."

"मग मी कमजोर नाही."

"तुला काय विचारलं त्यावर आहे, आई. त्यांनी तुला वाचायला सांगितलं."

"आणि मी तिथे वाचत नाही," थांबताई म्हणाली. "डावीकडे मी बावीस वर्षांत एक अक्षर वाचलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी ती पट्टा सुरू व्हायच्या आधी मोजणीसाहेबाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. माझी परीक्षा परत घ्या म्हणाली.

"परीक्षा परत घेतल्याने निकाल बदलत नाही, बाई."

"निकाल नका बदलू. प्रश्न बदला."

मोजणीसाहेबाने सांगितलं की यंत्रात शब्दच आहेत, बाटल्या नाहीत. ती म्हणाली, शब्द चालतील. तेच शब्द दाखवा, फक्त काही सरळ दाखवा आणि काही किंचित तिरके, झाकण तिरपं असतं तेवढे. मी वाचणार नाही. सरळ की तिरकं एवढंच सांगेन. यंत्रात अक्षर तिरकं करायची कळ होती. ती कोणी कधी दाबली नव्हती, तिच्यावरचा कागदसुद्धा निघाला नव्हता. मोजणीसाहेबाला वापरात नसलेल्या कळीचं दुःख झालं असावं. तो तयार झाला.

तीच खोली, तीच खूण, तेच कपाट, गवत, मडकं. डावीकडचे अठरा बरोबर. उजवीकडचे बारा.

मोजणीसाहेबाने आकडे दोनदा बेरजेला लावले. मग यंत्राची वायर काढून परत लावली. मग होसाहेबाला बाहेर उभं करून तो स्वतः खुर्चीत बसला आणि थांबताईला कळ दाबायला सांगितली. वाचताना साहेबाचे डावीकडचे दहाच आले.

"यंत्रात काहीतरी आहे," तो म्हणाला.

"तिरकं करून बघू," ती म्हणाली.

तिरक्यात त्याचे डावीकडचे सतरा आले. अंधारातच त्याने विचारलं, "बाई, मला गाडी चालवायला हरकत नाही ना?" बाहेर आल्यावर होसाहेबाच्या लक्षात आलं की साहेब भिंत डाव्या हाताला धरून चालतोय.

तीन दिवस तो खोलीतून बाहेर आला नाही. पट्टे तसेच उलटे होते. थांबताईने त्या तीन दिवसांत खिळा सोडून मान हलवायला सुरुवात केली, नव्या माणसासारखी, डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. दुपारी खोली तिच्याभोवती फिरायची. संध्याकाळी ती भिंतीला टेकून चपला घालायची. पाचवी चूक होऊ दिली नाही. पण हे आणखी आठ दिवस चाललं असतं तर पाचवी आपल्या पायांनी चालत आली असती, हे तिला आणि तिच्या मानेला कळत होतं.

चौथ्या दिवशी मोजणीसाहेब अहवाल घेऊन आला आणि तिच्या उजवीकडे उभा राहून तो तिच्यासमोर धरला. त्याचा पेच खरा होता. फॉर्ममध्ये प्रत्येक बाजूला एकच चौकट होती. "डावी" म्हणून एक, "उजवी" म्हणून एक. काय विचारलं होतं याला चौकट नव्हती. अकरा लिहावेत तर अठराचं काय करायचं, एकोणीस लिहावेत तर बाराचं काय करायचं. शेवटी त्याने सरासरी काढली होती. डावी साडेचौदा. उजवी साडेपंधरा. फरक एक, म्हणजे नगण्य. निष्कर्ष: बाईंच्या दोन्ही बाजू सारख्या असून पट्टा कोणत्या बाजूला आहे याने काहीही फरक पडत नाही. सबब, पट्टे पूर्वी होते तसे ठेवण्यास हरकत नाही. बाई त्याच जागेवर.

थांबताईने ते सगळं खिळ्यावरची नजर न हलवता वाचलं.

"फरक पडतो," ती म्हणाली.

"फरक पडतो असं लिहिलं तर पट्टे बदलता येणार नाहीत, बाई. फरक पडतो म्हटलं की समिती बसते."

"म्हणजे फरक पडत नाही म्हणून तुम्ही बदलताय."

"हो."

"सही कुठे करू?"

सही घेऊन तो जायला निघाला, पण दारापाशी न जाता वळसा घालून तिच्या डावीकडे येऊन थांबला. ती वळली नाही. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिने पाहिलं आणि कोणाला सांगितलं नाही. घरी नवऱ्याने विचारलं तेव्हा इतकंच म्हणाली की बिचारा अजून तरुण आहे.

जेवणाच्या सुट्टीत होसाहेबाने नवा फिटर आणून रूळ फिरवले. या वेळी कागद होता, तीन प्रतींत. चार चुका अहवालात "यंत्राच्या अदलाबदलीच्या काळातील" म्हणून गेल्या, म्हणजे कोणाच्याच राहिल्या नाहीत. घरी नवरा खुर्ची उचलून डावीकडे बसला आणि पहिल्याच रात्री पकडला गेला.

मोजणीसाहेब जाण्याआधी खात्यातून एक शेवटची फेरी मारून गेला. सुधारणांची यादी सोमवारी लागली. तिच्यात सातव्या क्रमांकावर होतं: तपासणी खोलीतील फळ्यावर विनाकारण असलेला गंजका खिळा काढून टाकावा.

थांबताई सकाळी खोलीत आली तेव्हा खिळा गेलेला होता. फळ्याला नवा पांढरा रंग दिला होता, अजून ओला वास येत होता. ती खुर्चीवर बसली. गुडघा नेहमीच्या कोनात ठेवला. मग पुढे वाकून तिने फळा बारकाईने पाहिला. रंगाऱ्याने घाई केली होती. खिळा होता तिथे बारीक काळं भोक तसंच राहिलं होतं, मोहरीएवढं. भोक बुजवा असं यादीत लिहिलेलं नव्हतं.

तिने त्यावर नजर ठेवली आणि पट्टा सुरू करा म्हणून हात वर केला. पहिल्या बाटल्या वळल्या. अकराव्या बाटलीला डावीकडे केसाएवढा तडा होता.

"थांब," ती म्हणाली.